पलीकडचं पार्टिशन

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकलच्या पानांवर एक सूचना वर्षानुवर्षं येत आली आहे: ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटची, ओपन सोर्स लिनक्स किंवा त्याच्या कुळातली असावी. नाशिक जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्यामुळे अमृतधाम असो, आडगाव असो की गंगापूर रोड, लॅबमध्ये लिनक्स आणि घरच्या लॅपटॉपवर दुकानातूनच आलेली विंडोज, असा दुहेरी कारभार मुलांच्या मागे लागतो. मग एखादा सीनियर रूमवर येऊन पेनड्राइव्हवरून उबुंटू टाकून देतो आणि लॅपटॉप चालू केला की दोन नावांची यादी दिसू लागते. याला ड्युअल बूट म्हणतात.

सबमिशन जवळ येईपर्यंत सगळं छान चालतं. प्रोग्रॅम लिनक्समध्ये लिहिलेले, रिपोर्ट मात्र वर्डमध्ये, म्हणजे विंडोजमध्ये. तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात येते. उबुंटूच्या फाइल्सच्या खिडकीत विंडोजचं पार्टिशन सरळ दिसतं, क्लिक केलं की बहुतेक वेळा उघडतं. उलट विंडोजमध्ये गेलं तर लिनक्सचा पत्ताच नाही. आणि कधी पत्ता लागलाच तर तो भीतिदायक असतो: एक अनोळखी ड्राइव्ह दिसतो, त्यावर क्लिक केलं की चौकट येते, हा वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? घाईत ‘हो’ म्हटलं की सेमिस्टरभराची मेहनत गेली.

दोन्ही सिस्टिम एकाच एसएसडीवर, शेजारी-शेजारी. एकीला दिसतं ते दुसरीला का दिसू नये?

डिस्कला स्वतःला विंडोजही ठाऊक नसते आणि लिनक्सही. तिच्याकडे असतात ते क्रमांक दिलेले सेक्टर. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर ५१२ जीबीच्या एसएसडीवर असे सुमारे शंभर कोटी सेक्टर होतात. अमुक क्रमांकापासूनचे इतके सेक्टर दे, अशी मागणी आली की डिस्क ते देते. मागणारा कोण, त्याने पासवर्ड टाकला की नाही, हे विचारणं तिच्या कामात बसत नाही. तेव्हा हात घालायची मुभा दोन्ही सिस्टिमना सारखीच आहे. प्रश्न पहिला हा की हाती आलेल्या बाइट्सचा अर्थ लावता येतो का. आणि वाचण्यापलीकडे जाऊन तिथे लिहायचं असेल, तर प्रश्न दुसरा: पलीकडच्या सिस्टिमने आपलं काम आटोपलं आहे का? माझ्या मते लोक पहिल्याच प्रश्नाशी झगडत बसतात आणि नुकसान होतं ते दुसऱ्यामुळे.

पीसीच्या डिस्कचे तुकडे पाडायची सोय १९८३ साली आली. आयबीएमचा पीसी एक्सटी त्या वर्षी १० एमबीच्या हार्ड डिस्कसह निघाला आणि त्याच्याबरोबरच्या डॉस २.० मध्ये पार्टिशनचा तक्ता आला. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये ६४ बाइटची जागा, तिच्यात सोळा-सोळा बाइटच्या चार ओळी. तुकडा कुठून सुरू होतो, किती लांब आहे, आणि एका बाइटमध्ये त्याचा प्रकार: ०७ म्हणजे विंडोजचं एनटीएफएस, ८३ म्हणजे लिनक्स. चारच ओळी आणि आकड्यांना ३२ बिटच, त्यामुळे ही पद्धत दोन टीबीच्या आसपास येऊन अडली. आजच्या लॅपटॉपवर तिच्या जागी जीपीटी आहे. त्यात साधारणपणे १२८ ओळींची सोय असते, प्रकाराला एका बाइटऐवजी सोळा बाइटचा ओळखक्रमांक असतो आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

या तक्त्यात ‘सी’ आणि ‘डी’ ही अक्षरं कुठेच नसतात. एमएस-सीआयटीच्या वर्गात महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी सी ड्राइव्ह सिस्टिमचा आणि डी ड्राइव्ह आपला असं मनात पक्कं केलं, पण ती अक्षरं विंडोज स्वतः लावते आणि स्वतःच्याच रजिस्ट्रीत नोंदवून ठेवते. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेले, म्हणून मोजणी सीपासून. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, तिची आरक्षणं मात्र कायम आहेत. लिनक्स त्याच तुकड्याला एनव्हीएमई-शून्य-एन-एक-पी-तीन असलं काहीतरी रुक्ष नाव देतं आणि तो कुठल्या फोल्डरला जोडायचा ते वेगळं ठरवतं. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. उबुंटूत डी ड्राइव्ह शोधत बसणाऱ्याला तो सापडत नाही, कारण तिथे तो मीडिया नावाच्या फोल्डरच्या पोटात एका लांबलचक क्रमांकाच्या नावाने बसलेला असतो.

तक्त्यातली प्रकाराची नोंद म्हणजे सातबाऱ्यावरची पीकपाहणी. उताऱ्यावर सोयाबीन लिहिलंय म्हणून शेतात द्राक्षबाग नसेलच असं नाही, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. जीपीटीच्या सुरुवातीच्या वर्षांत लिनक्सच्या पार्टिशन करणाऱ्या साधनांनी आपल्या तुकड्यांनाही विंडोजच्या डेटा पार्टिशनचाच ओळखक्रमांक लावला होता. स्वतंत्र क्रमांक नंतर आला. विंडोज उतारा पाहते, पीक आपलंच दिसतं म्हणून ड्राइव्हला अक्षर लावते, आणि प्रत्यक्ष शेतात उतरते तर भलतंच काही उभं. मग ती विचारते, नांगर फिरवू का? फॉरमॅटच्या त्या चौकटीत याहून जास्त काही नाही. आतला डेटा बहुधा ठणठणीत असतो. चौकट रद्द करावी, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जावं आणि त्या तुकड्याचं अक्षर काढून टाकावं. अक्षर काढल्याने आतल्या फाइलींना काहीही होत नाही, फक्त चुकून क्लिक होण्याची वाट बंद होते.

आत खरोखर काय आहे याची खूण पार्टिशनमध्येच असते. एनटीएफएसच्या पहिल्या सेक्टरमध्ये चौथ्या बाइटपासून एन, टी, एफ, एस ही रोमन अक्षरं सरळ लिहिलेली असतात. लिनक्सच्या एक्स्ट कुळात सुरुवातीचे १०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक येतो आणि त्यात थोडं पुढे ईएफ५३ अशी दोन बाइटची खूण. लिनक्स अशा डझनावारी खुणा ओळखतं, विंडोज मोजक्याच.

खूण पटल्यावरही पुढची मांडणी दोघांची वेगळी. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या एका मोठ्या तक्त्यात, सहसा एक केबीची. फाइलचं नाव त्या नोंदीत, आणि फाइल काहीशे बाइटचीच असेल तर तिचा मजकूरही तिथेच मावतो. एक्स्ट४ मध्ये फाइलच्या नोंदीला, म्हणजे आयनोडला, नावच नसतं. नाव असतं फोल्डरच्या यादीत आणि त्याच्यासमोर आयनोडचा क्रमांक. वेळेचा हिशेबही वेगळा: एनटीएफएस १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंदांनी मोजत येतं, युनिक्सचं घराणं १ जानेवारी १९७० पासून. दुसऱ्याचं पार्टिशन उघडायचं तर या सगळ्याचा उलगडा करणारा ड्रायव्हर आपल्याकडे हवा, आणि तो कुणीतरी बसून लिहिलेला हवा.

एनटीएफएस १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आलं. मायक्रोसॉफ्टने त्याचा पूर्ण तपशील प्रसिद्ध केला नाही. लिनक्सच्या लोकांनी तो उलट्या बाजूने शोधून काढला: एखादी फाइल तयार करायची, डिस्कवर कुठले बाइट बदलले ते पाहायचं, पुन्हा एक फाइल, पुन्हा पाहायचं. वाचणं अशा रीतीने बरंच लवकर जमलं. लिहिण्यात एक बाइट चुकला तरी समोरच्याचं सगळं पार्टिशन जाणार, म्हणून कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर अनेक वर्षं जवळजवळ वाचण्यापुरताच राहिला. त्या अडलेल्या काळात यान क्रातोखविल या चेक प्रोग्रॅमरने एक भन्नाट तोड काढली. विंडोजचाच एनटीएफएस ड्रायव्हर, मायक्रोसॉफ्टने बनवलेली ती फाइल जशीच्या तशी घ्यायची, आणि लिनक्सच्या आत तिच्याभोवती विंडोज असल्याचा देखावा उभा करून तिच्याकडूनच काम करून घ्यायचं. या प्रकल्पाचं नाव कॅप्टिव्ह. म्हणजे बंदिवान! मला ही सगळ्या कथेतली सर्वांत खट्याळ कल्पना वाटते.

खरी सुटका झाली ती २००७ साली. साबोल्च साकाचित्स या हंगेरियन प्रोग्रॅमरच्या एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर निर्धास्तपणे लिहिता येऊ लागलं. हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर, एका साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. त्यामुळे वेग थोडा कमी. पुढे पॅरागॉन या कंपनीने, जी असे ड्रायव्हर विकतच होती, आपला ड्रायव्हर कर्नलला देऊ केला आणि २०२१ च्या ५.१५ आवृत्तीत तो घेतला गेला. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर असणाऱ्या एक्सफॅटच्या बाबतीत मात्र मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये तपशील खुला केला.

उलट दिशेला सगळंच उघडं आहे. एक्स्ट४ चा सोर्स २००८ मध्ये ते स्थिर झालं त्याच्याही आधीपासून कुणीही वाचावा असा पडलेला आहे. तरी विंडोज एक्सप्लोररला ते वाचता येत नाही. इथे कुणी लपवलं म्हणून अडलेलं नाही, कुणाला गरज पडली नाही म्हणून अडलेलं आहे. लिनक्स वापरू लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे विंडोजमधला जुना डेटा असतो. विंडोज वापरणाऱ्यांत लिनक्सचा डेटा असलेले फारच थोडे. तेव्हा शिकून घेण्याचं काम धाकट्याच्या वाट्याला आलं.

विंडोजमधून पलीकडे डोकावायचं असेल तर बाहेरची साधनं आहेत. डिस्कइंटर्नल्सचं लिनक्स रीडर फक्त वाचतं, लिहीतच नाही, आणि तोच त्याचा गुण आहे. एक्स्ट२एफएसडी नावाचा जुना ड्रायव्हर लिहितोही, पण तो मुळात एक्स्ट२ च्या जमान्यातला. आजच्या एक्स्ट४ वर त्याला लिहायला लावणं मी तरी कुणाला सुचवणार नाही. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा मार्गही आहे: विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खरंखुरं लिनक्स कर्नल असतं आणि त्याला एखादी डिस्क जोडून द्यायची आज्ञाही आहे. मात्र ती अख्खी डिस्क सोपवावी लागते, आणि ज्या डिस्कवरून विंडोज स्वतः चालू आहे ती सोपवता येत नाही. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी एकच असते, म्हणजे नेमकी जिथे गरज तिथे ही सोय निरुपयोगी. दोन डिस्कांचा डेस्कटॉप असेल तर उत्तम.

आता दुसरा प्रश्न, आटोपण्याचा.

कुठलीही सिस्टिम पार्टिशनवर काम करते तेव्हा खरी स्थिती अर्धी डिस्कवर आणि अर्धी मेमरीत असते. कुठली जागा मोकळी, कुठली फाइल कुठे, याची ताजी माहिती आधी मेमरीत बदलते आणि सवडीने डिस्कवर उतरते. नीट बंद केलं की सगळं उतरवून होतं आणि पार्टिशनवर ‘स्वच्छ’ अशी खूण होते. मध्येच वीज गेली तर खूण राहून जाते आणि पुढच्या वेळी जर्नल नावाची नोंद पाहून अर्धवट कामं मार्गी लावली जातात. हे दोन्हीकडे सारखंच.

घोटाळा झाला तो २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेल्या फास्ट स्टार्टअपने. लॅपटॉप झटकन सुरू व्हावा म्हणून विंडोज ‘शट डाउन’ म्हटल्यावर पूर्ण बंद होणं सोडून देते. वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम बंद करते, पण स्वतःच्या गाभ्याची मेमरी एका मोठ्या हायबरनेशन फाइलमध्ये जशीच्या तशी लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. त्या मेमरीत पार्टिशनांची तिला आठवत असलेली स्थितीही असते, सी ची आणि डी ची सुद्धा. मधल्या वेळेत लिनक्सने डी वर दोन फाइली लिहिल्या तर विंडोजला त्याची गंधवार्ता नसते. ती उठते, जुन्या आठवणीवर विसंबून मोकळी समजलेल्या जागेत लिहिते, आणि लिनक्सने ठेवलेल्या फाइली, कधी त्यांच्यासोबत इतरही, गडप होतात.

म्हणून लिनक्सचे ड्रायव्हर आधी दार ठोठावून पाहतात. एनटीएफएस-३जी हायबरनेशन फाइलच्या सुरुवातीची चार अक्षरं वाचतो. त्यावरून विंडोज झोपलेली आहे असं दिसलं तर लिहायला नकार देतो आणि पार्टिशन फक्त वाचण्यासाठी उघडतं. उबुंटूत फाइल पेस्ट होत नाही, फोल्डर बनत नाही, अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेक वेळा हेच. ड्रायव्हर बिघडलेला नसतो. तो तुमचा डेटा वाचवत असतो. अशा वेळी इंटरनेटवर मिळालेली ‘जबरदस्तीने माउंट करा’ छापाची आज्ञा चालवणं हा शुद्ध आडमुठेपणा. हायबरनेशन फाइल उडवून देणारा पर्यायही आहे, पण त्याने विंडोजच्या मेमरीत जे काही राखून ठेवलं होतं ते जातं. एनटीएफएसफिक्स नावाचं साधन तर नावाने फसवतं. ते थोडी डागडुजी करतं, जर्नल रिकामं करतं आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी सोय करून ठेवतं. खरी दुरुस्ती विंडोजच्याच चेकडिस्कने होते.

सरळ उपाय विंडोजच्या बाजूला आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली पॉवरच्या बटणांनी काय करावं हे ठरवायचं पान आहे, तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकायची. तात्पुरतं भागवायचं तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करायचं. आणखी एक गंमत: ‘रीस्टार्ट’ला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही. म्हणजे विंडोजमधून लिनक्समध्ये जाताना रीस्टार्ट करणारा सुरक्षित, आणि शिस्तीत शट डाउन करून दहा मिनिटांनी लॅपटॉप उघडणारा धोक्यात. नावावरून अगदी उलट वाटलं असतं.

तिसरी गोष्ट कुलपाची. विंडोजचा पासवर्ड फाइलींचं रक्षण करतो असा सार्वत्रिक समज आहे. तो विंडोज चालू असेपर्यंतच खरा. लिनक्सचा ड्रायव्हर विंडोजच्या परवानग्यांची यादी वाचू शकतो, पण पाळायला बांधील नसतो. पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करणाऱ्याला तुमचा पासवर्ड विचारलाही जात नाही, आणि तुमचे फोटो, पॅन कार्डाची प्रत, सगळं समोर येतं. विंडोज सुरूच होत नाही म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला नेला की ‘डेटा काढून देतो’ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हीच युक्ती असते. अडचणीत देवासारखी धावून येणारी आणि चोराच्या हातीही तितकीच चालणारी.

खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. विंडोजकडे बिटलॉकर आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बहुतेक मशीनवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की त्याचंच साधं रूप आपोआप सुरू होतं. पुष्कळांना ते सुरू आहे हेच माहीत नसतं. मग उबुंटूचा इन्स्टॉलर अडून बसतो आणि आधी बिटलॉकर बंद करा म्हणतो, किंवा बूटच्या सेटिंगला हात लागताच विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ड्युअल बूटच्या फंदात पडण्याआधी ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी. की हाताशी असेल तर कुलूपबंद पार्टिशन लिनक्समधूनही उघडतं. क्रिप्टसेटअप या साधनात ही सोय २०२० पासून आहे. की नसेल तर मात्र कुठल्याही दुकानाचा इलाज चालत नाही.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे, तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाला २५५ एककं मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक एकक खातं. एक्स्ट४ मध्येही मर्यादा २५५ चीच, पण बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘नाशिक’चे झाले १५ बाइट, ‘द्राक्ष’चे २१. इंग्रजीला २५५ अक्षरं, मराठीला ८५ चिन्हं. आता एखाद्या मन लावून काम करणाऱ्या विद्यार्थ्याने वर्डच्या फाइलला ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ द्वितीय वर्ष संगणक अभियांत्रिकी डेटा स्ट्रक्चर्स प्रयोगवही अंतिम प्रत’ असं नाव दिलं, तर शेपटासकट विंडोजमध्ये ती १०६ एककं होतात आणि काहीच बिघडत नाही. लिनक्समध्ये कॉपी करायला गेलं की तेच २८४ बाइट होतात, आणि नाव फार लांब आहे असं सांगून कॉपी थांबते. डिस्क भरलीय की केबल सैल आहे, अशा शंका घेत माणूस बसतो. नाव आखूड करा, फाइल जाते.

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर याच्याही पुढची कळ आहे. तिथे ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ फोडून साधा र आणि खालचा नुक्ता असा ठेवला जातो. पडद्यावर फरक दिसत नाही. लिनक्स मात्र नावं बाइटनिशी ताडून पाहतं, आणि डोळ्यांसमोर असलेली फाइल शोधल्यावर सापडत नाही. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइलींचं दुखणं वेगळं: त्या बिनचूक उघडतात, पण फॉन्ट विंडोजमध्येच राहिल्याने लिनक्समध्ये रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्याला पार्टिशन काय करणार?

विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, तेही याच शेजाराचं फळ. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स आंतरराष्ट्रीय वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगता येतं. वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांत ही तडजोड त्रासाची ठरते, आपल्याकडे तो प्रश्नच नाही.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी मी तिसरं, वेगळं पार्टिशन ठेवायला सांगेन, आणि तेही एनटीएफएसचं. फॅट३२ मध्ये चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही, एक्सफॅटला जर्नल नाही. विंडोजच्या सी ड्राइव्हवर लिनक्सने लिहूच नये, वाचावं हवं तेवढं. प्रोग्रॅमिंगचे प्रोजेक्ट मात्र या सामाईक जागेत ठेवू नयेत. लिनक्सला ‘लॅब’ हे नाव रोमन लिपीत मोठ्या आणि लहान अक्षरांनी सुरू केलं तर दोन वेगळ्या फाइली दिसतात, विंडोजला एकच. नावात विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह लिनक्सला चालतं, विंडोजला त्या फाइलला हातही लावता येत नाही. आणि कुठली फाइल चालवण्याची, कुठली फक्त वाचायची, हा लिनक्सचा भेद तिथे सहसा टिकत नाही, सगळ्याच फाइली चालवण्याजोग्या दिसतात.

अलीकडे बरीच मुलं पार्टिशन करतच नाहीत, डब्ल्यूएसएल टाकतात. त्यात एक्स्ट४ असतं, पण विंडोजच्या सी ड्राइव्हवरच्या एका भल्यामोठ्या फाइलच्या पोटात. एक्सप्लोररमध्ये डावीकडे पेंग्विनचं चित्र येतं, त्यावर क्लिक केलं की लिनक्सचे फोल्डर दिसतात. विंडोज अजूनही एक्स्ट४ शिकलेली नाही बरं का! ती आत चालू असलेल्या लिनक्सलाच ९पी या प्रोटोकॉलने विचारते, जो बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममधून आला आहे, आणि फाइली लिनक्सच काढून देतं. दोघं एकाच वेळी जागे असल्याने झोपेत गाठण्याचा धोकाही राहत नाही. वेग मात्र सीमा ओलांडताना पडतो, म्हणून प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच असावा, सी ड्राइव्हवर ठेवून आतून कंपाइल करत बसू नये. आणि जागा कमी पडली म्हणून डब्ल्यूएसएलमधलं उबुंटू अनरजिस्टर करण्याआधी एक्सपोर्टची आज्ञा देऊन त्याची प्रत बाहेर काढावी. अनरजिस्टर केलं की ती मोठी फाइल आतल्या सगळ्या प्रोग्रॅमांसकट पुसली जाते, आणि फॉरमॅटच्या वेळी येते तशी ‘करायचं का’ विचारणारी चौकटही येत नाही.